आल्यागेल्याचं करणं शिकायला कॉलेज कशाला?



कार्तिकी अमावस्या जवळ आली की आमच्या जत तालुक्यातला गुड्डापूरचा रस्ता रात्रीसुद्धा माणसांनी भरलेला असतो. दानम्मादेवीच्या दर्शनाला विजापूर, बागलकोट, सोलापूरकडून माणसं चालत येतात. त्यात बाया असतात, म्हातारी माणसं असतात, काहींच्या कडेवर लेकरं. वाटेवरच्या वस्त्यांवर आम्ही दारात पाण्याच्या घागरी भरून ठेवतो. कुणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देतं, कुणी चहाचं पातेलं चढवून बसतं. आलेल्याला विचारायचं, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का? आमच्या तालुक्याच्या पूर्व भागात मराठी आणि कानडी एकाच घरात नांदतात. सासूबाई कानडीत रागावतात आणि सूनबाई मराठीत उत्तर देते, तरी दोघींचं भांडण व्यवस्थित होतं.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या गटातल्या एका आक्काची नात बारावी झाली. तिनं घरात सांगितलं, मला पर्यटन आणि आतिथ्याचा कोर्स करायचाय, कम्युनिटी कॉलेजात. झालं! आजोबा म्हणाले, "लोकांच्या कपबश्या विसळायला कॉलेज कशाला लागतंय?" आई म्हणाली, "पाव्हण्याचं कसं करायचं ते आम्ही काय कॉलेजात शिकलो का?" शेजारची म्हणाली, "हॉटेल लाईन पोरीच्या जातीला बरी न्हवं." आक्कानं तो विषय बचत गटाच्या बैठकीत आणला. एका बैठकीत संपला नाही, दुसऱ्या बैठकीतही संपला नाही. हप्ते गोळा करायचे राहिले आणि आम्ही याच्यावरच बोलत बसलो. मग ठरलं की हे जरा मुळापासून बघू. हे काम कुणी केलं, ते हलकं कधी ठरलं, आणि ते शिकवायला कुणी सुरुवात केली? जे हाती आलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करू. दानम्मादेवी ही बाराव्या शतकातली शरणी, बसवण्णांच्या काळातली. परंपरा असं सांगते की तिचा जन्म आपल्या उमराणी गावचा, आणि तिचं मूळ नाव लिंगम्मा. ती कल्याणला गेली, तिथं तिचा दानधर्म पाहून बसवण्णांनी तिला दानम्मा म्हटलं. लिंगायत परंपरेत दासोह म्हणतात ते हेच: आपल्या कष्टाचं अन्न समोरच्याला वाढायचं, तो कोण कुठला हे न विचारता. म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात मोठी देवी ही वाढणारी बाई आहे. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते गप्प बसले, पण पटलं नाही. "देवीनं पैसं घेतलं नव्हतं," म्हणाले. तो मुद्दा खरा होता. त्याकडं पुढं येतोच.

उमराणीचीच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पाण्याची आहे. १६७३ च्या एप्रिल महिन्यात विजापूरचा सरदार बहलोलखान फौज घेऊन या बाजूला आला. सरसेनापती प्रतापराव गुजरांनी त्याला उमराणीजवळ गाठलं आणि त्याचं पाणी तोडलं. एप्रिलमधला जत तुम्हाला सांगायला नको. माणसं आणि जनावरं तहानेनं कासावीस झाली. लढाई झाली, खान शरण आला, गयावया करू लागला, आणि प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. शिवाजी महाराजांना हे आवडलं नाही, खान परत येणार हे त्यांना दिसत होतं. तो आलाच, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत प्रतापराव नेसरीला मोजक्या सहा स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले आणि कामी आले. ही गोष्ट इथं सांगायचं कारण वेगळं आहे. उमराणीला बाहेरचा माणूस आला आणि त्यानं विचारलं की इथं काय झालं, तर नीट, सनावळीसकट, अर्ध्या तासात सांगू शकेल अशी एकतरी मुलगी आपल्याकडं आहे का? वाट दाखवणं, गोष्ट सांगणं हाही त्या कोर्सचाच भाग आहे, हे आम्हाला त्या नातीकडूनच कळलं. आम्ही समजत होतो की तिथं नुसता स्वयंपाक शिकवतात.

आता आजोबांच्या मुद्द्याकडं. आपल्याकडं अन्न द्यायचं असतं, विकायचं नसतं, असं मानत. तीर्थाच्या ठिकाणी धर्मशाळा असायच्या, अन्नछत्रं असायची. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेले घाट आणि धर्मशाळा आजही लोक दाखवतात. विकत जेवण म्हणजे नाइलाजाची गोष्ट. शहरात खानावळी निघाल्या त्या पुष्कळदा एखाद्या विधवेनं पोटासाठी चालवलेल्या. तिच्या हाताला चव असायची, गिऱ्हाईक दोन वेळा बोट चाटून जायचं, पण समाजात तिला मान नव्हता. जेवण विकणारी बाई आणि हलकं काम या दोन गोष्टींची गाठ तेव्हाच पडली असावी असं आम्हाला वाटतं.

आणि दुसरी गाठ जातीची. पंगतीत कोण बसेल, कुणाला बाहेर ओंजळीत पाणी मिळेल, हे सगळं आपल्या आज्यापणज्यांनी पाहिलेलं आहे. आपण पाहुणचाराच्या गप्पा मारताना हे विसरतो. दारात आलेला प्रत्येकजण पाव्हणा नव्हता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ होते. शाहू महाराजांच्या तबेल्यात नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. सत्यसुधारक असं त्याचं नाव. लोक तिथं चहा प्यायला येईनात, तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ज्या हॉटेलला आपण नाव ठेवतो, त्या हॉटेलच्या एका कपात एवढी ताकद होती. पैसे टाकणाऱ्या कुणालाही तोच कप, तीच बशी.

साताऱ्यातही असंच झालं, फक्त तिथं बाई होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहणार, एका पंगतीत जेवणार. भाऊरावांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण त्या पोरांना रोज वाढायचं कुणी? लक्ष्मीबाईंनी. त्या सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या होत्या. सुरुवातीला त्यांना हे जड गेलं. नंतर तीच पोरं त्यांची झाली. धान्य संपलं की एकेक दागिना गेला, शेवटी मंगळसूत्रही त्या वसतिगृहासाठी गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. आज ज्याला हॉस्टेल मॅनेजमेंट म्हणतात, रोज इतकी ताटं, इतकं धान्य, इतकी शिल्लक, ते त्यांनी केलं आणि त्याचं कुठलं सर्टिफिकेट त्यांच्याकडं नव्हतं. आमच्या गटातली एकजण म्हणाली, "मंगळसूत्र दिलं एवढंच आपण सांगतो. रोज भाकरी किती लागत होत्या ते कुणी सांगत नाही." खरं आहे. त्यागाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, हिशेबाची वही जपायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता इथून जरा मुंबईला जाऊ, कारण हे काम शिकवायची पहिली शाळा तिथं निघाली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात धान्याची टंचाई होती. रेशन होतं. तांदूळ-गहू मोजून मिळायचा. १९५० ते १९५२ या काळात कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी गुजरातीतल्या लेखिका, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या. त्यांनी बायकांना जमवून अन्न परिषद उभी केली आणि अन्नपूर्णा नावाची उपाहारगृहं चालवायला घेतली. रेशनचं धान्य न वापरता किंवा कमीत कमी वापरून स्वस्त, पोटभर आणि सकस खाणं द्यायचं, हा त्यांचा उद्देश. हे करताना त्यांना कळलं की घरात दहा माणसांचं करणं वेगळं आणि रोज शेकडो माणसांचं करणं वेगळं. त्यासाठी शिकलेली माणसं पाहिजेत, आणि शिकवणारी जागाच देशात नाही. म्हणून अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेनं १९५४ मध्ये मुंबईत संस्था काढली. अंधेरीच्या भवन्स कॉलेजच्या आवारात ती सुरू झाली, आता ती दादरला आहे. हॉटेल मॅनेजमेंट शिकवणारी देशातली पहिली संस्था ती हीच.

आम्ही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोनदा विचारून घेतलं. पहिली संस्था, आणि ती बायकांनी काढलेली? हो. आणि तिचं पूर्ण नाव बघा: हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी आणि अप्लाइड न्यूट्रिशन. शेवटचा शब्द पोषणाचा आहे. म्हणजे हे शिक्षण पंचतारांकित हॉटेलच्या झुंबराखाली जन्मलेलं नाही. ते टंचाईतून आलं, थोडक्यात पुष्कळांचं कसं भागवायचं या प्रश्नातून आलं. मग हा प्रश्न आमच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मिळालेल्या सुकडीची चव आमच्या सासवांना अजून आठवते. पाण्याचा टँकर येईपर्यंत दोन हंड्यांत घर चालवणाऱ्या बाया आम्ही.

हे ज्ञान बाईच्या हातात असतं, पण कागदावर नसतं, हीच आपली अडचण. "मीठ किती घालू?" "घाल अंदाजानं." "पाणी किती?" "बसेल तेवढं." हा अंदाज कागदावर आणायचं मोठं काम आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईनं केलं. कमलाबाई ओगले. जन्म १९१३ चा, कुंडलचा. तेच ते क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल. शिक्षण म्हणाल तर जेमतेम चौथी. त्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि लाखाच्या वर घरांत पोचलं. त्यातली मोठी गोष्ट कुठला एखादा पदार्थ नाही. मोठी गोष्ट माप आहे. त्यांनी वाटी आणि चमचा धरून सगळं सांगितलं. इतक्या वाट्या, इतके चमचे, आणि एवढ्यात इतकं होईल. नवी सून असो की शहरात एकटा राहणारा मुलगा, कुणीही करावं आणि तेच व्हावं. कोर्समध्ये पहिल्या महिन्यात हेच शिकवतात, त्याला प्रमाणित पाककृती म्हणतात. आज केलेली आमटी आणि पुढच्या मंगळवारी केलेली आमटी एकसारखी लागली पाहिजे, करणारी बाई बदलली तरी.

माप आलं, आता राहिला पैसा. त्यासाठी परत मुंबईला, पण यावेळी गिरणगावात. आपल्या सातारा-सांगलीच्या आणि कोकणाच्या घराघरांतून माणसं गिरण्यांत गेली. जमीन कोरडवाहू, पाऊस नाही, दुसरं करणार काय? बायको-पोरं गावाकडं आणि गडी दहा-पंधराजण एका खोलीत. त्यांचं जेवण करायच्या त्या खानावळवाल्या. त्याही अशाच गावाकडून आलेल्या बाया. पहाटे चारला उठायचं, पाळीप्रमाणं डबे भरायचे. धान्य वाण्याकडून उधार, पैसा सावकाराकडून व्याजानं, आणि गिरणी कामगाराचा पगार झाला की वसुली. संप झाला की वसुली बुडाली, पण व्याज चालूच. या बायांना कामगार म्हणून कुणी मोजत नव्हतं. गिरणीच्या नोंदीत त्या नाहीत, युनियनच्या नोंदीत नाहीत. गिरणी मात्र त्यांच्या भाकरीवर चालत होती.

प्रेमा पुरव मूळच्या गोव्याच्या, लहान वयात गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि पुढं मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. त्यांनी १९७५ मध्ये या खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, गरिबाला कर्ज द्या असं सरकार सांगत होतं, पण तारण नसलेल्या बाईला बँकेच्या पायरीवर कोण उभं करणार? प्रेमाताईंनी उभं केलं. बाया एकमेकींना जामीन राहिल्या. आपण आज बचत गटात जे करतो, त्याचीच ही थोरली बहीण. सावकार सुटला. पुढं १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि खानावळी ओस पडू लागल्या. ज्यांना फक्त एका गिरणीच्या खोलीपुरतं करता येत होतं त्यांची फार दैना झाली. ज्या बाहेरची ऑर्डर घ्यायला शिकल्या, कचेऱ्यांना, समारंभांना जेवण द्यायला शिकल्या, त्या तगल्या. मंडळानंही केटरिंगकडं मोर्चा वळवला. प्रेमाताईंना पुढं २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

इथं आम्हाला आमची स्वतःची फजिती सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं एका प्रशिक्षण शिबिराच्या जेवणाची ऑर्डर घेतली. १२० ताटं, ६० रुपये ताट. ७,२०० रुपये ऐकून आम्ही खूश! किराणा आणि भाजीला गेले ५,१००. टेम्पोला ६००. राहिले १,५००. आम्ही सहाजणी दोन दिवस राबलो. म्हणजे एकीला २५० रुपये, दिवसाला १२५. रोजगार हमीवर खडी उचलली असती तर याच्या दुपटीहून जास्त मिळालं असतं. त्यात ऐनवेळी वीस माणसं जास्त आली. त्यांना नको कसं म्हणायचं? वाढलं. त्यांचे पैसे मागायला कुणाची जीभ रेटेना, आणि देणाऱ्यांनीही आपणहून विचारलं नाही. आमच्या चुलीचं सरपण, आमची भांडी, आमचे दोन दिवस, यातलं काहीच आम्ही दरात धरलेलं नव्हतं. सगळ्यांनी जेवणाचं कौतुक केलं. घरी येताना टेम्पोत कुणीच बोललं नाही.

त्या नातीनं कोर्सची माहितीपुस्तिका आणून वाचून दाखवली, तेव्हा त्यात एक धडा नेमका याचाच होता. ताटाचा खर्च कसा काढायचा, त्यात मजुरी, इंधन आणि नासाडी कशी धरायची, जास्तीच्या माणसांचा दर आधीच कसा लिहून घ्यायचा. आई म्हणत होती ना, पाव्हण्याचं करायला आम्ही काय कॉलेजात शिकलो? पाव्हण्याचं करायला नसेल लागत कॉलेज. पण गिऱ्हाइकाचं करायला शिकावं लागतं, हे त्या दिवशी तिच्याच तोंडून निघालं, कारण त्या सहाजणींत तीही होती.

हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते थोडक्यात. ही कल्पना अमेरिकेतली. १९०१ मध्ये जोलिएट नावाच्या गावात असं पहिलं कॉलेज निघालं, सहा विद्यार्थ्यांवर. गावातल्याच मुलामुलींनी, गावातच राहून, गावच्या कामाधंद्याला उपयोगी पडेल असं शिकावं, कमी पैशात, असा विचार. आपल्या देशात १९९५ मध्ये पुदुच्चेरीला विद्यापीठानं असं कॉलेज सुरू केलं, आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २०१२ नंतर, विद्यापीठ अनुदान आयोगानं त्याची योजना केली. वेगळी इमारत लागत नाही, चालू कॉलेजातच हे वर्ग भरतात. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, वर्षाचा डिप्लोमा, दोन वर्षांचा वरचा डिप्लोमा. शंभरातले साठ गुण हाताच्या कामाला आणि चाळीस पुस्तकाला. मध्येच लग्न झालं, बाळंतपण आलं, तर जेवढं झालं तेवढ्याचं प्रमाणपत्र हातात राहतं आणि पुढं तिथून धरता येतं. आपल्या पोरींची शिक्षणं अर्ध्यात का सुटतात हे ज्याला माहीत आहे, त्याला याचं मोल कळेल. ज्यांना घरच सोडता येत नाही त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

शिकवतात काय? आम्ही सगळं सांगत बसत नाही, दोन-तीन गोष्टी सांगतो ज्या आम्हाला घरी उपयोगी पडल्या. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश तापमानात पडून राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणजे एकतर वाफाळतं ठेवा, नाहीतर फ्रिजइतकं थंड. यात्रेत सकाळी शिजवलेला भात आपण कापडाखाली झाकून संध्याकाळपर्यंत वाढतो, आणि नंतर पोटं बिघडली की "नजर लागली" म्हणतो. संडासबाथरूम पुसायचं फडकं आणि पेले पुसायचं फडकं वेगळ्या रंगाचं ठेवतात, म्हणजे घाईतही चूक होत नाही. आधी आणलेला माल आधी वापरतात, नवा मागं लावतात. यातलं अवघड काही नाही, पण कुणी सांगितल्याशिवाय सुचतही नाही. शिवाय बोलणं. फोनवर नाव विचारणं, तक्रार आली तर आवाज न चढवता ऐकणं. इथं आपल्या पोरींना एक आयतं भांडवल आहे: त्यांना मराठी येतं, कानडी येतं, टीव्हीमुळं हिंदी येतं. चौथी भाषा तेवढी शिकायची. पुण्याच्या पोरीला "ऊटा आयता" म्हणता येणार नाही.

शेजारणीच्या शंकेलाही उत्तर द्यायला हवं, ती शंका खोटी नाही. या कामात रात्रपाळी असते, दारू पिणारी गिऱ्हाइकं असतात, आणि शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलीला महिनोन्‌महिने नुसती भांडी घासायला लावणारी ठिकाणंही असतात. म्हणून आम्ही नातीबरोबर दोघीजणी कॉलेजात गेलो आणि तोंडावर विचारलं. हा कोर्स कुणी मान्य केलाय, कागद दाखवा. शिकाऊ कामाला कुठं पाठवता, राहायची सोय काय, हातात पैसे किती देता? मागच्या वर्षीच्या मुली आज कुठं आहेत, त्यांच्याशी बोलायला मिळेल का? आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणं दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती असावी लागते, ती तुम्ही पाठवता त्या हॉटेलात आहे का? मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी वही काढली आणि एकेक उत्तर लिहून दिलं. एका प्रश्नाला त्या म्हणाल्या, "हे मी विचारून सांगते." आठ दिवसांनी खरंच फोन आला.

आजोबांचा शेवटचा प्रश्न होता, शिकून ती महाबळेश्वरलाच जाणार ना? इथं काय आहे? त्यांचं बोलणं जुन्या अनुभवावरचं. १८२८ मध्ये माल्कमसाहेबानं महाबळेश्वरला गोऱ्यांसाठी थंड हवेचं ठिकाण वसवायला घेतलं, तेव्हापासून आपल्याकडं पर्यटन म्हणजे डोंगरमाथ्यावरची गोष्ट आणि दुष्काळी भागातली माणसं तिथं राबायला. आमच्या वाट्याला रेल्वेसुद्धा नीट आली नाही. जत रोड नावाचं स्टेशन आहे, पण तिथं उतरलेल्या पाव्हण्याला जत अजून बरंच लांब आहे हे उतरल्यावर कळतं!

पण गुड्डापूरला माणसं येतात. जतच्या यल्लम्मादेवीच्या मार्गशीर्षातल्या यात्रेला माणसं येतात, खिलार जनावरं येतात. माडग्याळी मेंढी बघायला लांबून लोक येतात. त्यांना बसायला सावली, बाईमाणसाला स्वच्छ संडास, वाजवी दराचं ताट आणि रात्रीचा मुक्काम, हे कुठं मिळतं? साताऱ्याच्या कास पठाराचं नाव २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथं आजूबाजूच्या गावांची समितीच येणाऱ्यांची व्यवस्था बघते, गावची पोरं फुलं दाखवत फिरतात. राज्य सरकारनं २०२३ मध्ये बायकांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात बाईच्या मालकीच्या आणि बाईनं चालवलेल्या पर्यटनाच्या धंद्याला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. त्या धोरणाचा कागद वाचून अर्ज भरणारी, खर्चाचा अंदाज मांडणारी कुणीतरी गावात पाहिजे. आम्ही तर एका ताटाचा अंदाज चुकवला.

शेवटी गटानं त्या मुलीच्या फीसाठी कर्ज मंजूर केलं, नेहमीच्याच व्याजानं. सवलत मागितली होती, पण आक्काच म्हणाली, "नको, नेहमीचंच लावा, ती फेडंल." जूनमध्ये नात कॉलेजात गेली. आजोबा तिला बसथांब्यावर सोडायला गेले. बोलले काही नाहीत, पण पिशवी त्यांच्या हातात होती.

यंदाच्या अमावस्येला ती दोन दिवस सुट्टी घेऊन आली. घागरी भरून झाल्यावर तिनं दारात एक वही ठेवली आणि येईल त्याला विचारत बसली: कुठून आलात, किती दिवस चाललात, रात्री कुठं टेकलात, वाटेत काय हवं होतं जे मिळालं नाही. अर्ध्याजणांशी कानडीत, अर्ध्याजणांशी मराठीत. आजोबा आधी लांबून बघत होते. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि कंदील वहीवर धरला, कारण नेमकी त्या वेळी लाईट गेली होती. बाया जे सांगत होत्या त्यात एकच गोष्ट पुन्हापुन्हा येत होती: लघवीला जायला आडोसा नाही, म्हणून वाटेत पाणीच पीत नाही. आम्ही इतकी वर्षं घागरी भरून ठेवतोय, आणि हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.